ब्रुकलँड्स : मोटार शर्यतीच्या पहिल्या धावमार्गाची जडणघडण (१९०५ ते १९१४)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोटारगाडी ही केवळ धनिकांची हौस राहिली नव्हती. तिच्याभोवती एक नवा उद्योग आकार घेत होता. या उद्योगाच्या वाढीत शर्यतींचा वाटा मोठा होता. सलग कित्येक तास पूर्ण वेगाने धावताना इंजिन, टायर, ब्रेक आणि चालक या सर्वांची जी कसोटी लागते, ती कारखान्याच्या आवारात लागत नाही. फ्रान्स व इटली या देशांत ही कसोटी सार्वजनिक रस्त्यांवर घेतली जात असे. इंग्लंडमध्ये मात्र कायद्याने ती अशक्य होती. या अडचणीतून १९०७ साली लंडनच्या नैऋत्येस, सरे परगण्यातील वेब्रिज गावाजवळ, ब्रुकलँड्सचा धावमार्ग उभा राहिला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळील आस्पेंडेल येथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातच मोटारींसाठी एक लहान मार्ग १९०६ मध्ये तयार झाला होता. तथापि मोटार शर्यतींसाठी स्वतंत्रपणे, मोठ्या प्रमाणावर आणि वेगाचे गणित मांडून बांधलेला पहिला धावमार्ग म्हणून ब्रुकलँड्सचेच नाव घेतले जाते.

ज्या गोष्टीचा पूर्वी कोणताही नमुना अस्तित्वात नाही, ती उभी करताना माणसे जवळच्या, परिचित व्यवस्थांमधून उसनवारी करतात. ब्रुकलँड्सच्या बाबतीत वळणांची कल्पना रेल्वेमार्गाच्या वळणांशी नाते सांगणारी होती, आराखडा लष्करी अधिकाऱ्याचा होता, नियम घोड्यांच्या शर्यतींचे होते आणि पैसा एका जमीनदार दांपत्याचा होता. ही उसनवारी कोठे फळास आली आणि कोठे अपुरी ठरली, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) ब्रुकलँड्सच्या निर्मितीमागील कायदेशीर व औद्योगिक कारणे स्पष्ट करणे.
२) धावमार्गाची रचना व त्यामागील शास्त्रीय तत्त्व समजावून घेणे.
३) आरंभीच्या वर्षांतील शर्यती, आक्षेप व अपघात यांचा आढावा घेणे.
४) खासगी पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या उपक्रमाच्या यशापयशाचे मूल्यमापन करणे.

पार्श्वभूमी : कायदा आणि वेग

१८६५ च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावरील स्वयंचलित वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल व वस्तीत ताशी २ मैल एवढीच वेगमर्यादा घालून दिली होती. वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत राहिला पाहिजे, अशीही अट त्यात होती. हा कायदा मुख्यतः अवजड वाफेच्या यंत्रांसाठी केलेला होता; पण पेट्रोलवर चालणारी हलकी मोटार आल्यावर तिलाही तोच लागू झाला. १८९६ मध्ये वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत आणि १९०३ च्या कायद्याने ताशी २० मैलांपर्यंत (सुमारे ३२ किलोमीटर) वाढविण्यात आली. ज्या काळात फ्रेंच बनावटीच्या शर्यतीच्या मोटारी ताशी ८० मैलांच्या आसपास धावू लागल्या होत्या, त्या काळातील ही मर्यादा होती.

या बंधनाचा परिणाम १९०२ नंतर ठळकपणे दिसून आला. त्या वर्षी सेल्विन एज या ब्रिटिश चालकाने नेपिअर मोटारीवर गॉर्डन बेनेट करंडक जिंकला. स्पर्धेच्या नियमानुसार पुढील वर्षीच्या शर्यतीचे यजमानपद ब्रिटनकडे आले; परंतु इंग्लंडच्या रस्त्यांवर ती घेता येईना. अखेर संसदेत खास कायदा संमत करून १९०३ ची शर्यत आयर्लंडमधील रस्त्यांवर घ्यावी लागली. त्यानंतरच्या ब्रिटिश स्पर्धांसाठी आइल ऑफ मॅन या स्वतंत्र विधिमंडळ असलेल्या बेटाचा आश्रय घेण्यात आला.

रस्त्यांवरील शर्यतींची दुसरी बाजूही याच सुमारास उघड झाली. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत चालक व प्रेक्षक मृत्युमुखी पडल्याने ती बोर्दो येथेच थांबवावी लागली. फ्रेंच कारखानदार लुई रेनॉ यांचे बंधू मार्सेल रेनॉ यांचा अंत याच शर्यतीत झाला. म्हणजे रस्त्यावर शर्यत घ्यावी तर जीवितहानी आणि न घ्यावी तर उद्योगाची पीछेहाट, असा पेच निर्माण झाला होता. सार्वजनिक रस्त्यापासून पूर्णपणे वेगळी, बंदिस्त जागा हा त्यावरील तर्कसंगत तोडगा होता. मात्र तो अमलात आणण्यास सरकार पुढे आले नाही, आणि मोटार कारखानदारांनीही एकत्र येऊन तसे काही केले नाही.

संकल्पना आणि उभारणी

हा तोडगा प्रत्यक्षात आणला तो ह्यू लॉक किंग या जमीनदाराने. ब्रुकलँड्सची मालमत्ता त्यांना वडिलोपार्जित वारशाने मिळाली होती. इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या सान्निध्यातील मेना हाउस हे हॉटेल विकसित करण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीशी होता. १९०५ च्या सप्टेंबरात इटलीतील ब्रेशा येथे कोपा फ्लोरिओ ही शर्यत पाहण्यास ते पत्नी एथेल यांच्यासह गेले असता तेथे ब्रिटिश मोटारींची अनुपस्थिती त्यांना खटकली. मोटारी वेगाने चालवून पाहण्यासाठी मायदेशी जागाच नाही, हे त्यामागचे कारण होते. या अनुभवातून आपल्याच जमिनीवर अशी जागा निर्माण करण्याचा विचार पुढे आला.

मूळ कल्पना तुलनेने साध्या मार्गाची होती. परंतु तज्ज्ञांशी विचारविनिमय झाल्यावर तिचे स्वरूप पालटले. तोफखाना दलातील अधिकारी कर्नल हेन्री कॅपेल होल्डन यांच्याकडे आराखड्याचे काम सोपविण्यात आले. मोटारींना वळणावरही वेग कमी करावा लागू नये, म्हणून वळणांची बाहेरची कड उंच उचललेली असावी, असा त्यांचा आग्रह होता. या एका निर्णयाने बांधकामाचे प्रमाण आणि खर्च दोन्ही कैकपटींनी वाढले.

१९०६ च्या उत्तरार्धात काम सुरू झाले व अवघ्या नऊ महिन्यांच्या आसपास ते पूर्ण झाले. एका टप्प्यावर मजुरांची संख्या दोन हजारांपर्यंत पोहोचली होती. सुमारे ३० एकरांवरील झाडे तोडण्यात आली, साडेतीन लाख घनयार्ड माती हलविण्यात आली, वे नदीचा प्रवाह दोन ठिकाणी वळविण्यात आला आणि साहित्य आणण्यासाठी जवळच्या लोहमार्गापासून फाटा काढण्यात आला. धावमार्ग जेथे नदी ओलांडत होता, तेथे त्या काळी नवीन असलेल्या सलोह काँक्रीटच्या पद्धतीने पूल बांधला गेला. बाहेरील लंबवर्तुळाकार मार्गाची लांबी सुमारे पावणेतीन मैल आणि रुंदी १०० फूट होती. मधून जाणारा अंतिम सरळ मार्ग धरता एकूण लांबी सव्वातीन मैलांच्या घरात जात होती.

या सर्व कामाचा खर्च सुमारे दीड लाख पौंड झाला. मूळ अपेक्षेपेक्षा तो कितीतरी अधिक होता आणि त्याचा भार एकट्या लॉक किंग कुटुंबावर पडला. या ताणाने ह्यू लॉक किंग यांची प्रकृती ढासळली. तेव्हा आर्थिक व्यवहाराची सूत्रे एथेल यांनी हाती घेतली आणि आपल्या माहेरच्या मंडळींच्या साहाय्याने काम तडीस नेले. ब्रुकलँड्सच्या इतिहासात होल्डन यांच्या आराखड्याइतकेच महत्त्व या गोष्टीला द्यावयास हवे.

उंचावलेल्या वळणांचे गणित

वळणावर धावणाऱ्या वाहनास वळणाच्या केंद्राकडे ढकलणाऱ्या बलाची आवश्यकता असते. सपाट रस्त्यावर हे बल केवळ टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वेग वाढत गेला की घर्षण अपुरे पडते आणि वाहन बाहेर फेकले जाते. पृष्ठभागच आतल्या बाजूस कलता केला, तर पृष्ठभागाने वाहनावर दिलेल्या प्रतिक्रियेचा काही भाग केंद्राकडे वळतो आणि घर्षणावरील भार हलका होतो. रेल्वेमार्गाच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा थोडा उंच ठेवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

मात्र रेल्वे आणि मोटार यांत एक महत्त्वाचा फरक आहे. रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांचा वेग बराचसा ठरलेला असतो. शर्यतीत प्रत्येक मोटारीचा वेग वेगळा असतो. आवश्यक कल हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रुकलँड्सच्या अधिक तीव्र वळणाची त्रिज्या सुमारे १००० फूट होती. घर्षण हिशेबात न धरता गणित केल्यास या त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० मैल वेगासाठी सुमारे साडेतेरा अंशांचा कल पुरतो. पण ताशी ८० मैल वेगासाठी सुमारे २३ अंश लागतात. वेग एकतृतीयांशाने वाढला, तर कोन जवळजवळ पावणेदोनपट होतो.

म्हणूनच एकच ठरावीक कल न ठेवता धावमार्गाचा आडवा छेद खोलगट वक्राकार करण्यात आला. आतल्या कडेजवळ उतार सौम्य आणि बाहेर जावे तसा तो तीव्र होत जाई. हळू जाणारी मोटार खालच्या भागातून व वेगवान मोटार वरच्या भागातून जाऊ शके. सभासदांच्या बाजूकडील वळणाची बाहेरची कड जवळजवळ २९ फूट, तर बायफ्लीटकडील अधिक विस्तृत वळणाची कड सुमारे २२ फूट उंच होती.

पृष्ठभागाची बाजू मात्र तितकी भक्कम नव्हती. एवढ्या उतारावर डांबरी थर दाबून बसविणे कठीण असल्याने सुमारे सहा इंच जाडीचे साधे काँक्रीट अंथरण्यात आले. त्याखालील बराचसा भराव नव्याने टाकलेला होता आणि तो पुरेसा दबण्याआधीच वरचा थर घातला गेला. पुढे भराव खचत गेला, काँक्रीटला तडे गेले व पृष्ठभाग ओबडधोबड झाला. नदीवरील पुलाजवळचा भागही खचला. तेथे वेगवान मोटारींची चाके जमिनीवरून उचलली जात. दर हिवाळ्यात डागडुजी करणे हा ब्रुकलँड्सचा नित्यक्रम होऊन बसला. नऊ महिन्यांत साधलेल्या कामाची किंमत अशा रीतीने पुढील तीस वर्षे चुकवावी लागली.

पहिली परीक्षा : चोवीस तासांचा विक्रम

१७ जून १९०७ रोजी धावमार्गाचे उद्घाटन झाले. त्या वेळी निघालेल्या मोटारींच्या मिरवणुकीचे नेतृत्व एथेल लॉक किंग यांनी स्वतः आपली इटाला मोटार चालवून केले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी या मार्गाची पहिली मोठी परीक्षा झाली. सलग चोवीस तास सरासरी ताशी ६० मैलांहून अधिक वेग राखण्याचा संकल्प सेल्विन एज यांनी सोडला होता. माणसाचे शरीर हे सहन करू शकेल काय, याविषयीच त्या काळी शंका व्यक्त केली जात होती.

२८ जूनच्या संध्याकाळी तीन नेपिअर मोटारी निघाल्या. दोन मोटारींवर चालक आळीपाळीने बदलत होते. एज यांनी मात्र आपली मोटार चोवीस तास एकट्याने चालविली. रात्री मार्गाची कड दिसावी म्हणून दिवे लावण्यात आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एज यांनी १५८१ मैलांहून अधिक अंतर कापले. सरासरी वेग ताशी सुमारे ६५.९ मैल पडला.

या विक्रमाने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध केल्या. सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा असलेल्या देशात तिच्या तिपटीहून अधिक वेगाने एक दिवस व एक रात्र मोटार चालविता येते, हे दिसून आले. ब्रिटिश उद्योगाला हवी असलेली प्रयोगशाळा मिळाली होती. परंतु त्याच चोवीस तासांत नवे काँक्रीट ठिकठिकाणी उखडले आणि परिसरातील रहिवाशांना रात्रभर इंजिनांचा गडगडाट ऐकावा लागला. पुढील काळातील दोन्ही मोठ्या अडचणी त्या पहिल्या रात्रीच प्रकट झाल्या होत्या.

घोड्यांच्या शर्यतींचा वारसा

६ जुलै १९०७ रोजी पहिल्या शर्यती झाल्या. मोटारी एका मैदानात फेऱ्या मारणार असतील, तर शर्यत घ्यावयाची कशी, याचे उत्तर कोणाकडेच तयार नव्हते. अर्नेस्ट डी रोडाकोव्स्की या पहिल्या व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली ते घोड्यांच्या शर्यतींमध्ये शोधले गेले. मुंबईच्या महालक्ष्मी येथील किंवा पुण्याच्या शर्यतींचे मैदान ज्यांना परिचित आहे, त्यांना ब्रुकलँड्सची परिभाषा ओळखीची वाटेल. शर्यतीपूर्वी मोटारी जेथे उभ्या करीत, त्या जागेस ‘पॅडॉक’ म्हणत. बक्षिसे सुवर्णनाण्यांत जाहीर होत. मोटारींवर क्रमांक नसत. त्याऐवजी चालकांनी जॉकीप्रमाणे ठरावीक रंगांचे अंगरखे व टोप्या घालाव्यात, असा दंडक होता.

ही उसनवारी सर्वच बाबतीत सोयीची ठरली नाही. दूरवरून, धूर व धूळ यांतून भरधाव जाणाऱ्या मोटारीत बसलेल्या चालकाचा रंग ओळखणे प्रेक्षकांना अवघड जाई. त्यामुळे पुढे रंगांची जागा क्रमांकांनी घेतली. ‘हँडिकॅप’ ही पद्धत मात्र टिकली आणि बहरली. घोड्यांच्या बाबतीत सरस घोड्यावर जादा वजन लादून तोल साधतात. ब्रुकलँड्सवर वेगवान मोटारीस उशिरा सोडून तो साधला जाऊ लागला. निरनिराळ्या ताकदीच्या मोटारी शेवटच्या क्षणी जवळजवळ एकत्र पोहोचाव्यात, असे हे गणित असे. ए. व्ही. एबलव्हाइट हे वेळनोंदणीकार या गणितात विशेष निष्णात मानले जात. ‘पॅडॉक’ हा शब्द तर जगभरच्या मोटार शर्यतींत रूढ झाला.

स्त्रियांच्या सहभागाबाबत मात्र जुनाच दृष्टिकोन कायम होता. वेगाचे विक्रम नावावर असलेल्या डोरोथी लेव्हिट यांना १९०७ मध्ये प्रवेश नाकारण्यात आला. ४ जुलै १९०८ रोजी स्त्रियांसाठी एक स्वतंत्र शर्यत ठेवण्यात आली. तीत म्युरिएल थॉम्प्सन यांनी ऑस्टिन मोटारीवर पहिला व एथेल लॉक किंग यांनी दुसरा क्रमांक मिळविला. परंतु त्यानंतर बराच काळ अशी संधी पुन्हा दिली गेली नाही. जिच्या परिश्रमाने धावमार्ग पुरा झाला, ती स्त्री त्याच धावमार्गावर बरोबरीच्या नात्याने शर्यतीत उतरू शकत नव्हती, ही विसंगती लक्षणीय आहे.

आक्षेप आणि अपघात

रस्त्यावरील धोका बंदिस्त जागेत आणला म्हणून तो नाहीसा होत नाही, याचा प्रत्यय लवकरच आला. सप्टेंबर १९०७ मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर तीन महिन्यांच्या आतच, ब्रुकलँड्सवर पहिला प्राणघातक अपघात झाला. या काळातील सर्वांत चटका लावणारी हकिगत पर्सी लँबर्ट यांची आहे. १५ फेब्रुवारी १९१३ रोजी टॅल्बट मोटारीवर एका तासात १०३ मैलांहून अधिक अंतर कापून, तासाभरात शंभर मैलांचा टप्पा ओलांडणारे ते जगातील पहिले चालक ठरले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी, आणखी एका विक्रमाच्या प्रयत्नात टायर फुटून त्याच धावमार्गावर त्यांचा मृत्यू झाला.

दुसरा आक्षेप आवाजाचा होता. परिसरातील रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्यातून झालेल्या तडजोडीनंतर रात्रीच्या वेळी मोटारी चालविणे बंद झाले. पुढे १९२९ ते १९३१ या काळात येथे चोवीस तासांची शर्यत घेण्यात आली, तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन भागांत विभागावी लागली. मधल्या रात्री मोटारी कुलूपबंद ठेवल्या जात. ज्या विक्रमाने ब्रुकलँड्सचे नाव झाले, त्याची त्याच स्वरूपात पुनरावृत्ती तेथे पुन्हा कधीच होऊ शकली नाही.

प्रयोगशाळा म्हणून ब्रुकलँड्स

शर्यतींचे दिवस वर्षातून मोजकेच असत. उरलेल्या दिवसांत कारखानदार येथे मोटारींच्या चाचण्या घेत आणि उद्योगाच्या दृष्टीने हाच उपयोग अधिक मोलाचा होता. १९०९ मध्ये खास चढ बांधण्यात आला. सुमारे ३५० फूट लांबीच्या या चढाची तीव्रता आठास एकपासून सुरू होऊन चारास एकपर्यंत वाढत जाई. मोटारीची चढण्याची क्षमता व उतरताना ब्रेकची ताकद यांची परीक्षा त्यावर होत असे.

याच जागेने एका दुसऱ्या उद्योगालाही जन्मभूमी दिली. ए. व्ही. रो यांनी १९०७-०८ मध्ये धावमार्गालगतच्या शेडमध्ये आपल्या विमानाचे प्रयोग आरंभिले. ऑक्टोबर १९०९ मध्ये फ्रेंच वैमानिक लुई पोलाँ यांनी येथे उड्डाणाची प्रात्यक्षिके दाखविली. रोडाकोव्स्की यांच्यानंतर आलेले व्यवस्थापक मेजर लिंडसे लॉइड यांनी धावमार्गाच्या आतील जागा विमानांसाठी तयार करून घेतली. तेथे वैमानिक शिक्षणाच्या शाळा निघाल्या आणि १९१४ पर्यंत ब्रुकलँड्स हे ब्रिटनमधील विमानविद्येचे एक अग्रगण्य केंद्र झाले. पहिले महायुद्ध सुरू होताच ही जागा लष्कराने ताब्यात घेतली. घन टायरांच्या अवजड लष्करी वाहनांनी काँक्रीटची आणखी दुर्दशा केली. शर्यती पुन्हा सुरू होण्यास १९२० साल उजाडावे लागले.

निष्कर्ष

१) ब्रुकलँड्सचा जन्म वेगाच्या आवडीइतकाच वेगावरील कायदेशीर बंधनातून झाला. फ्रान्स व इटलीत रस्ते उपलब्ध असल्याने अशा बांधकामाची निकड तेथे आधी भासली नाही. निर्बंध जेथे अधिक, तेथेच पर्यायी व्यवस्था प्रथम उभी राहिली. अमेरिकेतील इंडियानापोलिस (१९०९) आणि इटलीतील मोंझा (१९२२) हे धावमार्ग त्यानंतरचे आहेत.

२) परिचित व्यवस्थांची उसनवारी जेथे मूळ तत्त्वाच्या आधारे झाली, तेथे ती यशस्वी ठरली. उंचावलेली वळणे व हँडिकॅप ही त्याची उदाहरणे होत. जेथे केवळ बाह्य रूपाचे अनुकरण झाले, तेथे ती सोडून द्यावी लागली. चालकांचे रंगीत अंगरखे हे त्याचे उदाहरण होय.

३) घाईने केलेले बांधकाम आणि रहिवाशांशी आधी न साधलेला समन्वय या दोन उणिवा अखेरपर्यंत दूर झाल्या नाहीत.

४) ब्रुकलँड्सचा लाभ मोटार व विमान या दोन उद्योगांना आणि पर्यायाने राष्ट्राला झाला; त्याचा खर्च मात्र एका कुटुंबाने सोसला. सार्वजनिक उपयोगाची संशोधन-सुविधा खासगी औदार्यावर किती काळ विसंबून राहू शकते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. उच्च शिक्षण व संशोधन यांच्या क्षेत्रातही त्याचे महत्त्व कमी नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ मध्ये येथील शर्यती कायमच्या थांबल्या आणि १९४६ मध्ये ही जागा विमाननिर्मिती करणाऱ्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीस विकण्यात आली. युद्धोत्तर काळात मोटार शर्यतींनी उलट वाट धरली : इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन किंवा चेन्नईजवळील शोलावरम यांसारख्या ठिकाणी युद्धकाळातील विमानतळांच्या धावपट्ट्याच शर्यतींसाठी वापरात आल्या. ब्रिटनमधील पहिली ग्रां प्री ७ ऑगस्ट १९२६ रोजी ब्रुकलँड्सवर झाली. देशात अशी शर्यत व्हावी म्हणून सर्वस्व पणाला लावणारे ह्यू लॉक किंग त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तले होते.